दप्तराची हजेरी

ज्या मुलास आपल्या दप्तरांत कोणतीं पुस्तकें आहेत हें धड सांगतां येत नाहीं, त्यास आपण गबाळा म्हणतों. परंतु ज्यास आपल्या मोबाईलांत वा संगणकांत कोणता कागद कोठें पडला आहे याची कांहींच वार्ता नाहीं, त्यास मात्र हल्लीं आपण हुशार म्हणतों. कारण त्याचीं बोटें कांचेवर मोठ्या चपळाईनें फिरतात. या चपळाईस आम्ही विद्या म्हणावयास तयार नाहीं. असें कां, तें या वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः सुज्ञ पालकांपुढें, थोड्या विस्तारानें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

संगणकाच्या तासास आमचीं मुलें आनंदानें बसतात. चित्रें काढणें, अक्षरें रंगविणें, गाणें लावणें हें सारें त्यांस न शिकवितां येतें. पण 'परवां केलेला तक्ता उघडा' असें म्हटलें कीं वर्गांत एकदम शांतता पसरते. 'सर, इथेंच होता!' हें उत्तर आम्हीं किती वेळां ऐकिलें असेल याची गणती नाहीं. तक्ता बहुधा गेलेला नसतो. मुलानें तो जेथें ठेविला तेथेंच तो असतो. फक्त तें 'तेथें' म्हणजे कोठें, हेंच मुलास ठाऊक नसतें. हा दोष कोंकणांतल्या मुलांचाच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील खगोलशास्त्राच्या एका प्राध्यापिकेनें २०१७ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस 'तुमची फाइल कोणत्या फोल्डरांत आहे?' असें विचारलें, तों त्यांस त्या प्रश्नाचा अर्थच उमगेना. ही हकीकत २०२१ सालीं तिकडे छापून आली, आणि त्याच लेखांत इतर अध्यापकांनींही आपला तसाच अनुभव नमूद केला. तेव्हां रोग जगाचा आहे; औषध मात्र स्वस्त आहे, आणि तें दोन अक्षरांचें आहे.

तीं अक्षरें म्हणजे इंग्रजी वर्णमालेंतील एल् आणि एस्. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर आज्ञा टंकण्याची एक साधी खिडकी असते. तींत ना चित्र, ना रंगीत बटण. काळ्या पाटीवर पांढरीं अक्षरें, इतकेंच. तेथें 'एल् एस्' हीं दोन अक्षरें टंकून एंटरची कळ दाबिली कीं आपण ज्या फोल्डरांत उभे आहों त्यांतील सर्व फाइलींचीं नांवें संगणक ओळीनें लिहून देतो. 'लिस्ट' म्हणजे यादी, या शब्दाचें हें संक्षिप्त रूप. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर हेंच काम 'डी आय् आर्' या तीन अक्षरांनीं होतें, आणि पॉवरशेल नांवाच्या तेथील नव्या खिडकींत तर दोन्ही आज्ञा चालतात. या आज्ञेनें फाइल उघडत नाहीं, पुसली जात नाहीं, हलतही नाहीं. गुरुजी वर्गांत येऊन हजेरी घेतात, त्यानें कोणाचें कांहीं बिघडतें काय? तसेंच हें.

या दोन अक्षरांचा इतिहास मुलांनीं ऐकण्यासारखा आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची या दोघांनीं युनिक्स नांवाची संगणक-पद्धति रचण्यास आरंभ केला. तिची पहिली मार्गदर्शक पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे, आणि तींत एल् एस् ही आज्ञा दिलेली आहे. त्या काळीं संगणकास पडदा असेच असें नाहीं. टेलिटाइप नांवाच्या, तारऑफिसांतील यंत्रासारख्या खडखडणाऱ्या यंत्रावर आज्ञा टंकावयाची आणि उत्तर कागदावर छापून यावयाचें. त्यांतील एक प्रसिद्ध यंत्र सेकंदास अवघीं दहा अक्षरें छापी. अशा यंत्रापाशीं बसणारा माणूस लांबलचक शब्द कशास टंकील? म्हणून आज्ञा आंखूड झाल्या. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हां युनिक्सचीच वहिवाट त्यानें पुढें चालविली. आज आमच्या पालकांच्या खिशांतील बहुतेक मोबाईल ज्या अँड्रॉइडवर चालतात, त्याच्याही पोटांत हाच गाभा आहे. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींतील एकूणएक यंत्रें नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आलीं आहेत. आणि तीं वापरणारा शास्त्रज्ञ बहुधा अशाच साध्या खिडकींत आज्ञा टंकून काम करितो. तेव्हां 'हा काळा पडदा जुनाट आहे, आतां कोण तें करतो' असें जे पालक म्हणतात, त्यांची समजूत निराधार आहे.

आतां ही यादी संगणक कोठून काढितो? आम्हांस वाटतें, हें एकदां समजलें कीं मुलाच्या डोक्यांतील अर्धा गोंधळ मिटेल. आपल्या शाळेंत जनरल रजिस्टर असतें. त्यांत प्रत्येक मुलाचा एक क्रमांक असून त्यापुढें त्याची जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस वगैरे सर्व माहिती असते. वर्गाच्या हजेरीपटावर मात्र नांव असतें, आणि त्या नांवावरून रजिस्टरांतील क्रमांक सांपडतो. लिनक्सचा कारभार जवळजवळ असाच आहे. प्रत्येक फाइलीस एक क्रमांक असतो. तिचा आकार, तिची तारीख, तिचा मालक आणि तिचा मजकूर कोठें आहे हें सारें त्या क्रमांकापाशीं नोंदलेलें असतें. फोल्डर म्हणजे निव्वळ हजेरीपट: एका बाजूस नांव, दुसऱ्या बाजूस क्रमांक. फाइलीच्या अंगावर तिचें नांव लिहिलेलें नसतें. तें फोल्डराच्या पटावर असतें. म्हणून नांव बदललें तरी मजकुरास धक्का लागत नाहीं, आणि एकच फाइल दोन पटांवर दोन नांवांनींही असूं शकते. चित्रांवर बोटें फिरवून हें कळत नाहीं. यादी मागितली म्हणजे कळूं लागतें.

नुसत्या नांवांनीं भागत नसेल तर आज्ञेपुढें एक आडवी रेघ देऊन पुन्हां एल् हें अक्षर टंकावें. मग प्रत्येक नांवासमोर मालक, आकार व शेवटच्या फेरफाराची वेळ येते; आणि ती फाइल कोणास वाचतां येईल, कोणास तींत लिहितां येईल, हेंही आरंभींच्या अक्षरांवरून समजतें. टी हें अक्षर जोडलें तर नवी फाइल वर व जुनी खालीं. मोठें आर् जोडलें तर फोल्डरांतील फोल्डर, त्याच्याही पोटांतील फोल्डर, असें तळापर्यंत सर्व दाखविलें जातें. छोटें आर् दिल्यास फक्त क्रम उलटा होतो. मोठ्या व छोट्या अक्षरांचा हा भेद मुलांनीं लक्ष्यांत ठेवावा, कारण युनिक्सच्या घराण्यांत तो फार कडकपणें पाळिला जातो. ज्या नांवाच्या आरंभीं टिंब आहे तें यादींत येत नाहीं. तें पाहावयाचें तर ए हें अक्षर द्यावें लागतें. हा टिंबाचा नियम कोणीं फार विचार करून केलेला नाहीं. बेल प्रयोगशाळेंतच काम केलेले रॉब पाइक यांनीं २०१२ सालीं लिहिलें आहे कीं प्रत्येक फोल्डरांत टिंबाच्या दोन नोंदी आपोआप असत, त्या यादींत दिसूं नयेत म्हणून टिंबानें सुरू होणारें प्रत्येक नांव वगळण्याची सोपी वाट आरंभीं घेतली गेली, आणि त्यांतून लपलेल्या फाइलींची प्रथा जन्मास आली. घाईनें केलेली सोय पन्नास वर्षें टिकते, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोणी म्हणेल, 'यादी कशास हवी? शोधाच्या चौकटींत नांव टाकावें, फाइल हजर होते.' हा आक्षेप खरा विचार करण्याजोगा आहे. शोध घ्यावयाचा तर काय शोधावयाचें हें आधीं ठाऊक असावें लागतें. जें आपण विसरलों, जें आपणांस ठाऊकच नव्हतें, त्याचें नांव चौकटींत कोण टाकणार? यादी मात्र विसरलेलेंही समोर आणून ठेविते.

आमच्या महाराष्ट्रांत याचें मोठें उदाहरण घडलेलें आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचें दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेलें. कापडांत बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे रुमाल. असे हजारों रुमाल पुण्यांत रचून ठेविलेले होते. अमुक कागद द्या असें म्हणावें, तर तो कागद आहे हें तरी कोणास ठाऊक? शेवटीं मुंबई सरकारनें रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांस तें काम सांगितलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रुमाल सोडून मोडींतले कागद पाहिले, निवडले, लाविले, आणि १९३० पासून १९३४ पर्यंत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून बाहेर आले. सिद्दीवर १७३३ सालीं निघालेल्या मोहिमेचीं पत्रेंही त्या खंडांत आहेत. आपला म्हसळा १९४८ पर्यंत त्याच सिद्दीच्या जंजिरा संस्थानांत मोडत होता, म्हणजे तो आपल्याच मुलखाचा इतिहास झाला. रुमाल उघडून आंत काय आहे हें पाहण्याचे कष्ट कोणीं घेतले नसते, तर तीं पत्रें असूनही नसल्यासारखींच राहिलीं असतीं.

पण इतक्या दूर तरी कशास जावें? ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलें. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत घरांचीं छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि वीज कित्येक दिवस आली नाहीं. छपराबरोबर घरांतील कागदही गेले. ट्रंकेंत ठेविलेले जमिनीचे उतारे, जन्माचे दाखले, गुणपत्रिका भिजून त्यांचा लगदा झाला. त्या धड्यानंतर पुष्कळ कुटुंबांनीं शहाणपणानें आपल्या कागदांचीं छायाचित्रें मोबाईलांत घेऊन ठेविलीं. हें उत्तमच झालें. परंतु पुढें काय? मोबाईल छायाचित्रास जें नांव देतो त्यांत तारीख असते आणि आंकडा असतो. तें चित्र आजोबांच्या फेरफाराचें आहे कीं दिवाळीच्या शुभेच्छांचें, हें त्या नांवांत कोठेंच नसतें. वर्षांत अशीं दोन-तीन हजार चित्रें सहज सांचतात. मग जून महिन्यांत प्रवेशाच्या खिडकीशीं जातीचा दाखला मागितला जातो, आणि मुलगा रांगेंत उभा राहून अंगठ्यानें चित्रें वर ढकलीत असतो; मागचे लोक कुरकुर करतात, मुलाच्या कपाळावर घाम येतो, आणि शेवटीं 'उद्यां या' असें ऐकून तो परततो. पाण्यानें भिजलेला कागद आणि तीन हजार चित्रांत हरवलेला कागद, यांत त्या खिडकीपुरता कांहींच फरक नाहीं. वडील मुंबईस किंवा आखातांत नोकरीस, घरीं आई व आजी. अशा घरांत कागद कोठें आहे हें सांगणें त्या शाळकरी मुलाच्याच माथीं येतें. हें ओझें आपण त्यास देतों, पण तें उचलावें कसें हें शिकवीत नाहीं.

यादी मागण्याची संवय लागली कीं नांव ठेवण्याची शिस्त आपोआप लागते, असा आमचा अनुभव आहे. 'नवीन', 'नवीन खरें', 'शेवटचें', 'शेवटचें दुरुस्त' हीं नांवें एकाखालीं एक पडद्यावर उमटलीं म्हणजे मुलास स्वतःचेंच हसूं येतें. ई-बालभारतीचें तेंच पुस्तक तीनदां उतरवून घेतलेलें असतें; ब्राउझरनें दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपुढें कंसांत आंकडे घातलेले असतात, आणि आकाराच्या रकान्यांत तिघांची संख्या तंतोतंत एक दिसते. दोन प्रती काढून टाकाव्या हें मग सांगावें लागत नाहीं. आंकड्यांचीही एक मौज आहे. 'धडा १', 'धडा २' अशीं नांवें देत गेलेल्या मुलास यादींत 'धडा १०' हा 'धडा २' च्या आधीं आलेला दिसतो व तो चक्रावतो. संगणक नांवें एकेक अक्षर ताडून लावितो. एक हा दोहोंच्या आधीं, म्हणून दहाही आधीं. यास उपाय म्हणजे ०१, ०२ असें लिहावें. तारीख लिहितांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे नांवांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. मराठी नांवें देण्यासही हरकत नाहीं, कारण युनिकोडमध्यें १९९१ सालापासून देवनागरीस जागा आहे. कांहीं खिडक्यांत जोडाक्षरें फुटून दिसतात खरीं, पण फाइलीचें नांव त्यामुळें बिघडत नाहीं. नांवांत दोन शब्द असतील तर मध्यें मोकळी जागा न सोडतां आडवी रेघ द्यावी. मोकळ्या जागेस संगणक दोन निरनिराळीं नांवें समजतो.

पालकांचा आणखी एक आक्षेप आमच्या कानीं येतो, तो असा कीं हें काम इंजिनियरांचें. आमचा मुलगा दुकान सांभाळणार, त्यास हें कशास? दुकानदारास खतावणी लागत नाहीं काय? मासळीच्या हिशोबाची वही, पाड्यावरच्या नारळांची टांचणें, सोसायटीच्या पावत्या, यांस ओळीनें लावून ठेवणारा माणूसच व्यवहारांत टिकतो, हें आमच्या पालकांस आम्हीं सांगावयास नको. वही कांचेच्या मागें गेली, एवढाच काय तो फरक. मुलींच्या पालकांस तर आम्ही आग्रहानें सांगूं कीं या कामीं अंगबळ लागत नाहीं, घर सोडून जावें लागत नाहीं, आणि नीटनेटकेपणा हा जो गुण आपण मुलींत वाखाणतों त्याचा येथें उपयोग होतो. मुलांतही तो वाखाणिला जाईल तर अधिक बरें, पण तो विषय निराळा.

अगदीं लहान मुलांस चित्रांवरूनच संगणक शिकवावा हें आम्हांस मान्य आहे. पांचवींतल्या मुलापुढें काळी खिडकी उघडून बसणें म्हणजे बाराखडीच्या आधीं व्याकरण सांगणें. परंतु आठवींत आल्यावर पहिल्या महिन्यांत चार तास तरी या एका आज्ञेस द्यावे. चारच, अधिक नकोत. फाइल पुसण्याच्या आज्ञा त्या चार तासांत मुळींच सांगूं नयेत, कारण त्या खिडकींत पुसलेलें परत देणारी कचऱ्याची टोपली नसते. आधीं पाहावयास शिकावें, हात लावणें मागाहून. यास मोठा खर्चही नाहीं. लिनक्स विनामूल्य मिळतें आणि जुन्या, मंद झालेल्या यंत्रावरही चालतें. पवईच्या आयआयटी मुंबईनें 'स्पोकन ट्युटोरियल' या नांवानें जे लहान लहान बोलते पाठ तयार केले आहेत, त्यांत लिनक्सच्या आज्ञांचे व फाइलींच्या रचनेचेही पाठ आहेत, आणि ते मराठींतही ऐकावयास मिळतात. ज्या शाळेंत या विषयाचा शिक्षक नाहीं तेथें मुलें ते ऐकून स्वतः शिकूं शकतील. इंग्रजी कच्चें म्हणून आज्ञा येणार नाहीं, ही भीति तर व्यर्थ आहे. दोन अक्षरांस कसलें आलें आहे इंग्रजी!

येत्या मे महिन्याच्या सुटींत, मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीं एक काम करावें अशी आमची सूचना आहे. घरांतील मोबाईल तारेनें संगणकास जोडून छायाचित्रें एका फोल्डरांत उतरवून घ्यावीं. घरीं संगणक नसेल तर शाळेच्या संगणकासाठीं आम्हांस येऊन भेटावें. मग यादी मागावी, आणि आजी-आजोबांस शेजारीं बसवून एकेक चित्र उघडून विचारावें, 'हें काय?' तें सांगतील तें नांव वर्षासह द्यावें, आणि जमिनीचे, शाळेचे, दवाखान्याचे कागद निरनिराळ्या फोल्डरांत लावावे. शेवटीं एल् एस्‌पुढें मोठें आर् देऊन सगळ्या घराची एकच यादी काढावी. आज्ञेपुढें 'पेक्षां मोठें' हें गणितांतलें चिन्ह देऊन एका फाइलीचें नांव लिहिलें कीं ती यादी पडद्याऐवजीं त्या फाइलींत उतरते, आणि ती कागदावर छापतां येते. एक प्रत घरांत राहूं द्यावी, आणि दुसरी, सर्व छायाचित्रांसह, मुंबईच्या काकांकडे पाठवावी. घर म्हसळ्यास आणि निम्मीं माणसें मुंबईस, ही तर आपल्याकडची जुनीच रीत आहे.